आपणच आत घेतलेला पाहुणा

मागच्या महिन्यात मगरिबनंतर आपाचा फोन आला. आमची ही थोरली बहीण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान चालवते. सलाम-दुआ झाली आणि ती एकदम म्हणाली, "माझ्या नावानं कुणीतरी पैसे मागतंय रे."

झालं होतं असं. कुवेतला असलेल्या आमच्या मामेभावाला आपाच्या फेसबुकवरून मेसेज गेला: भाई, फार अडचण आहे, पाच हजार पाठव, संध्याकाळपर्यंत परत करते. मजकूर हिंदीत होता. आता हा मामेभाऊ आपापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिनं जन्मात कधी त्याला 'भाई' म्हटलेलं नाही, 'बाळ्या'च म्हणते. त्यानं लगेच फोन लावून विचारलं, "आपा, मी भाई कधीपासून झालो?" म्हणून तो वाचला. पण मागच्या गल्लीतल्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी काही न विचारता पाच हजार पाठवून दिले. का, तर आपानं आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागतेय म्हणजे खरंच अडली असणार.

आपानं त्याच रात्री पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिच्या नावानं चौघांना मेसेज. आता मात्र ती घाबरली. आम्ही म्हटलं, रविवारी येतो, तोवर दुकानातला कॉम्प्युटर बंद ठेव, आणि कुणीही हात लावू नका.

वाचकहो, या सदरात आम्ही बहुतेक वेळा सोप्या गोष्टी लिहितो. या वेळची गोष्टही अवघड नाही, पण ती घरातली आहे आणि तिच्यात दुसऱ्यांचे कागद अडकले आहेत. म्हणून आपाची परवानगी घेऊन लिहीत आहोत.

रविवारी गेलो. कॉम्प्युटर अगदी व्यवस्थित चालत होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण 'मशीन स्लो झालं की व्हायरस' असा पुष्कळांचा समज आहे. चांगला चोर भांडी वाजवत नाही. आम्ही विंडोज सिक्युरिटी उघडलं, त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', आणि त्यात 'प्रोटेक्शन हिस्टरी' नावाची जुनी नोंदवही असते ती पाहिली. तीन आठवड्यांपूर्वीची एक नोंद होती: धोकादायक फाइल सापडली. आणि खाली: वापरकर्त्यानं परवानगी दिली. मग 'एक्सक्लूजन्स' ही यादी पाहिली. कुठे तपासायचं नाही, हे सांगायची ती जागा. तिथे आख्खा सी ड्राइव्ह घातलेला. म्हणजे वॉचमनला सांगून ठेवलं होतं, या घराकडे बघायचंच नाही.

आम्ही विचारलं, "हे कुणी केलं?" आपाला काही माहीत नव्हतं. भाचा, बारावीला आहे, चहाचा कप हातात धरून जमिनीकडे बघत होता. आम्ही तेव्हा काही बोललो नाही. आपा नमाजला आत गेली तेव्हा तोच म्हणाला, "मामू, मी केलं."

लग्नसराईचे दिवस. दुकानात निकाहच्या पत्रिका बनवून द्या म्हणून लोक येतात. पत्रिकेचं चांगलं सॉफ्टवेअर महाग, आई घेणार नाही हे त्याला ठाऊक. मित्रानं एक लिंक दिली, 'फुल व्हर्जन, फुकट'. डाउनलोड केलेली झिप फाइल पासवर्ड घालून बंद केलेली होती आणि तो पासवर्ड तिथेच खाली लिहिलेला होता. सोबत एक चिठ्ठी: इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर तो चुकीनं अडवेल. त्यानं तसंच केलं. सॉफ्टवेअर झकास चाललं. त्यानं अकरा पत्रिका केल्या, त्यातल्या दोन आम्ही पाहिल्या, पोराचा हात खरंच चांगला आहे. नंतर एकदा अँटिव्हायरसनं लाल खूण दाखवली, तेव्हा 'अलाऊ' दाबलं. आईला सांगितलं नाही, कारण दुकानाच्या कॉम्प्युटरवर काही टाकायचं नाही अशी तिची ताकीद होती.

झिपला पासवर्ड का होता, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पासवर्ड असला की तपासणाऱ्या प्रोग्रामला आत डोकावता येत नाही. पासवर्ड तिथेच लिहिलेला असेल तर गुपित कसलं? तो आपल्यासाठी नसतो, तपासनिसाला अडवण्यासाठी असतो.

या प्रकाराला ट्रोजन म्हणतात. नाव ग्रीकांच्या जुन्या कथेतलं. ट्रॉय नगरीला दहा वर्षं वेढा घालूनही दरवाजा फुटेना, तेव्हा ग्रीकांनी एक मोठा लाकडी घोडा बाहेर ठेवला आणि निघून गेल्याचं सोंग केलं. नगरवासीयांनी तो भेट समजून स्वतःच ओढून आत नेला. घोड्याच्या पोटात शिपाई होते. रात्री त्यांनी उतरून आतून दरवाजे उघडले. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो, वर्म नेटवर्कमधून आपणहून एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो. ट्रोजन बहुधा यातलं काहीच करत नाही. तो वाट बघतो की तुम्ही त्याला ओढून आत न्याल.

आणि घोडा खरोखर घोड्यासारखा दिसावा लागतो. डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे वीस हजार लोकांना टपालानं फ्लॉपी डिस्क गेल्या. एड्स रोगाची माहिती देणारी डिस्क, असं वर छापलेलं. जोसेफ पॉप नावाच्या जीवशास्त्रज्ञानं पाठवलेल्या. डिस्क घातली की प्रश्न विचारायची आणि तुम्हाला या रोगाचा धोका किती ते सांगायची. म्हणजे सांगितलेलं काम करायची. आत मात्र ती मोजत बसायची, कॉम्प्युटर किती वेळा सुरू झाला. नव्वदेक वेळा झाला की फाइलींची नावं गोंधळून टाकायची, फोल्डर लपवायची आणि पनामामधल्या एका पोस्टाच्या पेटीवर १८९ डॉलर पाठवा, असं पडद्यावर दाखवायची. जिम बेट्स यांनी ती फोडून फुकट उतारा लिहिला. भाच्याच्या सॉफ्टवेअरनंही पत्रिका अगदी छान काढल्या. 'चालतंय ना, मग ठीक असेल' हा हिशेब इथेच चुकतो.

आपाच्या मशीनवर बसलेला प्रकार पैसे मागत नाही. तो माहिती उचलतो. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये आपण पासवर्ड साठवतो. ब्राउझर ते कुलपात ठेवतो हे खरं, पण किल्लीही त्याच मशीनवर असते आणि तुमच्या नावानं चाललेल्या प्रोग्रामला ती मिळू शकते. ट्रोजन तुमच्या नावानंच चाललेला असतो, तुम्हीच तर चालवलात. तो पासवर्ड उचलतो, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइली उचलतो, आणि कुकीज उचलतो.

या कुकीजमुळेच आपाचा पासवर्ड बदलूनही उपयोग झाला नाही. आपण एकदा फेसबुकात किंवा मेलमध्ये शिरलो की ते आपल्या ब्राउझरला एक पास देऊन ठेवतात, म्हणजे दर वेळी पासवर्ड नि ओटीपी विचारावा लागत नाही. तो पास चोरानं स्वतःच्या ब्राउझरमध्ये ठेवला की दारवान त्याला 'या आपा' म्हणून आत सोडतो. पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. त्यात आपानं नवा पासवर्ड घातला तो त्याच मशीनवर बसून, आणि बाकी सगळीकडून लॉग आउट करायचा पर्याय आला होता तो न निवडता. चोराचा जुना पास चालू राहिला, आणि नवा पासवर्डही त्याला मिळाला असेल तर नवल नाही.

हा जगभरचा धंदा आहे. माहिती उचलणाऱ्या या ट्रोजनांपैकी एकाचं नाव लुमा. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पोलीस यंत्रणांबरोबर त्याच्यावर कारवाई केली, तेव्हा त्यांनी सांगितलं की १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत त्यांना ३ लाख ९४ हजारांहून अधिक कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले. अशा ट्रोजनांचे बनवणारे ते भाड्यानं देतात. ज्यानं आपाच्या नावानं 'भाई' लिहिलं त्यानं ट्रोजन लिहिला असेल असं मुळीच नाही. त्यानं कुठूनतरी तिची चोरलेली माहिती विकत घेतली असेल.

चोरीचं सॉफ्टवेअर हा एक रस्ता झाला. दुसरा सध्या फार चालतोय. एखाद्या वेबसाइटवर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी चौकट येते, आणि चित्रं ओळखायला सांगण्याऐवजी ती सांगते: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी झालेली असते आणि तुम्ही ती स्वतःच्या बोटांनी चालवता. कुठल्याही खऱ्या तपासणीला ही तीन बटणं लागत नाहीत. तिसरा रस्ता फाइलच्या नावाचा. विंडोज नावाचं शेवटचं शेपूट मुळात लपवून ठेवतं, त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू केलं की शेपूट दिसू लागतं. दोन मिनिटांचं काम आहे, आज करून टाका.

मोबाइलवर हाच घोडा लग्नपत्रिका बनून येतो. व्हॉट्सअॅपवर ओळखीच्या नंबरावरून 'शादी का कार्ड', आणि फाइल असते एपीकेची. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अॅप. अॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर जातात. ओळखीच्या नंबरावरून आलं म्हणून विश्वास ठेवू नका, तो ओळखीचा माणूस तुमच्या आधी फसलेला असतो.

आता त्या रविवारी आम्ही काय केलं ते. पहिलं काम, इंटरनेटची वायर काढली. मशीन जोडलेलं नसेल तर चोराला बाहेर काही नेता येत नाही. दुसरं काम कॉम्प्युटरवर नव्हतंच. आपाचा मोबाइल घेतला, त्यावर बाहेरून आलेलं कुठलंही अॅप नाही हे पाहिलं, आणि मोबाइलच्याच नेटवरून आधी मेलचा पासवर्ड बदलला. मेल आधी, कारण बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलो'चे निरोप मेलवरच येतात. किल्ल्यांचा जुडगा तिथे आहे. मग 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय शोधून दाबला. चोराजवळचा पास इथे रद्द झाला. मेलला दुसरा कुणाचा फोन नंबर किंवा दुसरा मेल जोडलेला नाही, निरोप परस्पर पुढे पाठवायची सोय कुणी लावून ठेवलेली नाही, हे बघितलं. मग फेसबुक, मग बँक. बँकेला फोन करून नेट बँकिंग तात्पुरतं थांबवलं. बँकेतले पैसे सुदैवानं जागेवर होते.

हे सगळं होईपर्यंत दुपार झाली. आपा म्हणाली, "अरे, पण व्हायरस तर अजून आतच आहे." आहे, पण तो आता रिकाम्या घरात आहे. लोक उलट करतात. दिवसभर स्कॅन करत बसतात, आणि तेवढ्यात चोर मेल बदलून मोकळा होतो.

जेवणानंतर मशीन घेतलं. एक्सक्लूजन्समधली नोंद काढली. परवानगी दिलेल्या धोक्यांच्या यादीतून ती फाइल काढली. ते पत्रिकेचं सॉफ्टवेअर उतरवलं. मग 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये 'ऑफलाइन स्कॅन' निवडला. हे महत्त्वाचं. नेहमीचा स्कॅन चालतो तेव्हा विंडोज सुरू असतं आणि ट्रोजनही जागा असतो, लपू शकतो. ऑफलाइन स्कॅनमध्ये मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं, पण विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते. पंधराएक मिनिटं लागली. दोन फाइली सापडल्या. मग मोबाइलचं नेट देऊन अँटिव्हायरस ताजा केला आणि पूर्ण स्कॅन लावला, त्याला तीन तास लागले. टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप अॅप्स'मध्ये अनोळखी काही उरलंय का ते पाहिलं, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स पाहिली.

दुसऱ्या कुणाचं मत हवंसं वाटलं तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २०१७ मध्ये सुरू केलेलं सायबर स्वच्छता केंद्र आहे. त्याच्या संकेतस्थळावर फुकट साधनं आहेत, पुण्याच्या क्विक हीलचंही त्यात आहे. मात्र 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३८ व्हायरस सापडले, इथे दाबा' असं स्वतःहून सांगत येणारं काहीही घेऊ नका. तो बहुधा दुसरा घोडा असतो.

संध्याकाळी स्कॅन स्वच्छ आला. आपा खूश झाली. आम्ही म्हटलं, आता हे मशीन पुसायचं. ती आमच्याकडे बघतच राहिली. पण माहिती चोरणारे बरेचसे प्रकार काम झालं की स्वतःला मिटवतात, आणि निघताना आणखी काही आत सोडून गेले असतील तर ते कळायला मार्ग नाही. ज्या मशीनवर बँक आणि लोकांचे कागद आहेत तिथे 'बहुतेक गेला असेल' पुरत नाही. कागदपत्रं, फोटो, हिशेबाच्या एक्सेल फाइली तेवढ्या बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, कुठलाही प्रोग्राम किंवा इन्स्टॉलर घेतला नाही. आमच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करून नेला होता. डिस्क पूर्ण पुसून नवं विंडोज घातलं. भाच्याला इंकस्केप उतरवून दिलं. ते फुकट आहे आणि त्याचे कर्तेच फुकट देतात, म्हणून त्यात लपवाछपवी करायची कुणाला गरज नाही. त्यानं रात्रीच एक वेलबुट्टी काढून दाखवली.

शिवणकामाच्या बाईंकडून १९३० या नंबरावर तक्रार करवून घेतली. ही राष्ट्रीय सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. लगेच फोन केला तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते, त्यांना तीन दिवस झाले होते. ते पैसे अजून आलेले नाहीत. आपानं आपल्या गल्ल्यातून त्यांना पाच हजार दिले, त्या घेत नव्हत्या, वाद झाला, शेवटी घेतले.

आणि मग खरा वाद झाला, आमचा आणि आपाचा. डेस्कटॉपवर 'कस्टमर' नावाचा फोल्डर होता. आधार, पॅन, रेशन कार्ड, पासपोर्टच्या प्रती, हजच्या अर्जासाठी केलेले स्कॅन. काम झालं तरी काढलेले नव्हते, पुन्हा लागतील म्हणून ठेवलेले. ट्रोजननं ते नेले की नाही हे आम्हाला सांगता येत नव्हतं. कुणालाच सांगता येणार नाही. आम्ही म्हटलं, त्या लोकांना सांगायला हवं. आपा म्हणाली, "गावात सांगू, की माझ्या दुकानातून तुमचे कागद गेले? उद्यापासून कोण येईल?"

तिचं चूक नव्हतं. दुल्हेभाईंचा पगार आता पूर्वीसारखा येत नाही, घर बरंचसं या दुकानावर चालतं. आम्ही तरी कोण सांगणारे, आम्ही सोमवारी मुंबईला परतणार. पण ते कागद तिच्याकडे अमानत होते, हे तिलाही माहीत होतं, म्हणून तर तिचा आवाज चढला होता. आणि कळलं तर लोकांना करण्यासारखं पुष्कळ आहे. आधारचं बोटाच्या ठशांचं कुलूप यूआयडीएआयच्या साइटवर किंवा अॅपवर लावता येतं, मग कुणी ठसा वापरू शकत नाही. आपल्या पॅनवर कुणी परस्पर कर्ज काढलंय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं, आणि प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा तो पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. 'तुमच्या हजच्या फॉर्मबद्दल बोलतोय' असा फोन आला तर सावध राहता येतं. न कळलेल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही.

भाचा इतका वेळ दाराशी उभा होता. तो आत जाऊन वही घेऊन आला. फोल्डरमधल्या फाइलींवरून त्यानं नावं उतरवून काढली होती, ३९ निघाली, समोर फोन नंबरही लिहिले होते. वही आईसमोर ठेवली.

आपानं इशाच्या आधी फोन लावायला सुरुवात केली. एकानं बरंच ऐकवलं. एका आजोबांना काय झालं ते कळेना, म्हणाले, मी उद्या दुकानात येतो, समजावून सांग. तिघांनी विचारलं, कुलूप कसं लावायचं, तेव्हा भाच्यानं फोन घेतला आणि पायऱ्या सांगितल्या. नवव्या फोनला आपाचा घसा बसला. तेव्हा तोच म्हणाला, "दे अम्मी, पुढचे मी करतो," आणि पहिलं वाक्य, "चाची, दुकानाच्या कॉम्प्युटरवर मी एक चुकीचं सॉफ्टवेअर टाकलं होतं." अजान झाली तेव्हा बावीस फोन झाले होते. उरलेले सतरा त्यानं दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर केले.